एक्सलचा बूट फाटलाय (एमएक्स-५): घरी बदलावा की गॅरेजला द्यावी?

टपउघडे | गुरुवार, रात्री १०:१२

मंडळी, मदत हवी आहे.

गाडी माझदा एमएक्स-५, दुसरी पिढी, २००१ची, १.८ इंजिन. माझ्याकडे येऊन सहा वर्षं झाली. मुक्काम मिल्टन कीन्स, इंग्लंड. काल एमओटीला नापास झाली. (इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ही तपासणी करावी लागते.) ब्रेक ठीक, धूर ठीक, दिवे ठीक. मागच्या डाव्या ड्राइव्हशाफ्टचा (चाक फिरवणारा दांडा, म्हणजेच एक्सल) चाकाकडचा रबर बूट (दांड्याच्या सांध्यावरचं, म्हणजे जॉइंटवरचं, घड्यांचं आवरण) फाटलेला निघाला आणि 'मेजर' शेरा बसला.

खाली वाकून बघितलं तर घड्यांच्या एका खोबणीत जवळजवळ अर्धा गोल चिरलाय. चाकाच्या आतल्या बाजूला आणि चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मवर काळ्या ग्रीसचे फराटे उडालेत. जुनी एमओटी संपायला अजून तीन आठवडे आहेत आणि 'डेंजरस' शेरा नाही, म्हणून गाडी घरी आणू दिली.

एका गॅरेजवाल्याने १९० पौंड सांगितले, वर "बूट कशाला, अख्खा शाफ्टच बदला" हा सल्ला फुकट. बूट, ग्रीस, क्लिपा असं किट नेटवर १८ पौंडाला दिसतंय. पाने बऱ्यापैकी आहेत, ब्रेक पॅड आणि शॉक ॲब्सॉर्बर मी स्वतः बदललेत. एक्सलला मात्र कधी हात लावलेला नाही.

तीन प्रश्न:
फक्त बूट बदलून भागेल का?
मुद्दाम उभा चिरलेला नवा बूट विकत मिळतो, शाफ्ट न काढता गुंडाळायचा आणि चिकटवायचा, तो कसा?
एका रविवारात होईल का?

वाचनमात्र | गुरुवार, रात्री १०:३०

शीर्षक वाचून वाटलं पावसाळी बुटांचा धागा आहे. आलोच आहे तर बसतो.

गॅरेजवाला_सांगली | गुरुवार, रात्री ११:०५ (हो, भारतात पहाट आहे, झोप नाही)

दादा, पहिलं सांगा, आवाज येतोय का? रिकाम्या मैदानात नेऊन स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला कापा, पहिल्या गिअरात दाबून गोल फिरवा, मग उलट्या बाजूला. कट्-कट्-कट् आलं तर जॉइंट गेला. मग नवीन बूट घालणं म्हणजे मेलेल्याला नवा सदरा.

आमच्याकडं मारुती ८०० आल्यापासनं हेच काम. उसाच्या रस्त्यानं जाणारी गाडी, बूट फाटला तरी मालक सहा महिने तसाच पळवणार, आणि कट्-कट् सुरू झाल्यावर म्हणणार, "कालपर्यंत बरी होती." कालपर्यंत ग्रीस होतं, मालक.

तुमची गाडी मागनं ओढणारी आहे. मागची चाकं वळत नाहीत, त्यामुळं बाहेरच्या जॉइंटवर कोन कमी. हे तुमच्या नशिबाचं. आवाज नसेल तर जॉइंट वाचलेला असायचे चान्स बरेच.

आणि किट दोन मागवा. एक बूट म्हातारा झाला तर दुसरा काय कॉलेजात जाणार आहे का?

टपउघडे | गुरुवार, रात्री ११:२०

आवाज अजिबात नाही. या गावात शंभराहून जास्त गोल चौक आहेत. रोज ऑफिसला जाता-येता मी मैदानातली तीच चाचणी देत असतो. :)

दोन किट नको हो, दुसऱ्या बाजूबद्दल कोणी काही बोललेलं नाही.

स्प्लाइनताई | शुक्रवार, सकाळी ७:४८

मी पुण्यात याच क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

साधा युनिव्हर्सल जॉइंट (दोन दांडे कोनात जोडणारा सांधा) कोनात फिरवला की पुढचा दांडा एकाच फेरीत दोनदा जलद आणि दोनदा सावकाश फिरतो. चाकाला असे हिसके चालत नाहीत. म्हणून बाहेरच्या बाजूला असतो तो झेप्पा पद्धतीचा जॉइंट. आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२६च्या सुमारास ही रचना काढली. आत सहा छर्रे, त्यांना धरणारी जाळी, आणि आतल्या-बाहेरच्या वाट्यांना कोरलेल्या खोबणी. दांडा कितीही वाकला तरी सहाही छर्रे दोन दांड्यांमधल्या कोनाला बरोबर निम्मं करणाऱ्या प्रतलात राहतात, म्हणून वेग सारखा राहतो. १९५९च्या मिनीपासून पुढची चाकं ओढणाऱ्या लहान गाड्यांत तो सर्रास आला.

डिफरन्शियलच्या (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) बाजूचा जॉइंट वेगळा असतो. तो ट्रायपॉड: तीन बोटं, प्रत्येकावर एक रोलर, आणि ते लांब खाचांमध्ये आत-बाहेर सरकतात. चाक वर-खाली झालं की शाफ्टची लांबी कमी-जास्त लागते, ती इथे भागते.

दोन्हींना नवं ग्रीस मिळण्याची काही सोय नाही. कारखान्यात भरलं तेवढंच. त्यामुळे बूट म्हणजे धूळ अडवणारं फडकं नाही, तीच त्या जॉइंटची ग्रीसची टाकी आहे. चिरलेल्या भागातून फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि पाणी-वाळू आत येते. खोबणीचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, पण तो थर पातळ. वाळूने तो खरवडला की पुढचं भराभर होतं.

चिकटवायच्या बुटाबद्दल: नको. त्या शिवणीवर एक थेंब ग्रीस लागलं की चिकटत नाही, आणि तुम्ही काम करणार आहात ते ग्रीसने माखलेल्या जागेत.

चिमणगोटी | शुक्रवार, सकाळी ९:१५

ताईंना पूर्ण अनुमोदन नाही. मी एका जुन्या हॅचबॅकला तसला चिकटवायचा बूट लावला होता, दीड वर्ष टिकला. मग गाडीच विकली, त्यामुळे पुढचं माहीत नाही.

गॅरेजवाला_सांगली | शुक्रवार, सकाळी ९:४०

ज्यानं घेतली त्याला माहीत असेल.

नेकरकाठ | शुक्रवार, दुपारी १:२२

जर्मनीतून. माझ्याकडे पोर्शे ९४४ आहे, मागच्याच वर्षी दोन्ही बाजूंचे चारही बूट बदलले. इथे दर दोन वर्षांनी तपासणी असते, तिथेही फाटक्या बुटाला माफी नाही.

९४४ची रचना या कामासाठी सोयीची. गिअरबॉक्स मागे, आणि शाफ्ट दोन्ही टोकांना सहा-सहा एम-८ बोल्टांनी फ्लँजला (चकतीसारख्या कडेला) बांधलेला. हबचा (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) मोठा नट उघडावाच लागत नाही. बारा बोल्ट काढले की शाफ्ट हातात. पण त्या बोल्टांची डोकी आत खोबणीची असतात आणि त्या खोबणीत वीस-तीस वर्षांचं ग्रीस आणि माती ठासून भरलेली. ती न कोरता पाना घातला की तो अर्धाच बसतो, फिरतो, आणि डोकं गोल होऊन जातं. मी दाभण घेऊन बसलो होतो, एकेक बोल्ट कानातला मळ काढावा तसा साफ केला. परत आवळताना ४२ न्यूटन-मीटर, आणि काही दिवस चालवून पुन्हा एकदा पाना लावून बघितला.

एमएक्स-५ला चाकाच्या बाजूला बोल्ट नाहीत, शाफ्ट हबमध्ये घुसतो. तुमची खरी लढाई तिथे आहे.

टपउघडे | शुक्रवार, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. चिकटवणारा बूट रद्द. किट मागवलं, सोबत हबचा नवा नट आणि आतल्या टोकाची नवी लॉक-रिंग. आजपासून रोज रात्री हबच्या नटावर आणि वरच्या आर्मच्या बोल्टवर गंज सोडवायचं तेल मारतोय. बायको विचारते, देवाला तरी एवढं तेल घातलंस का.

टपउघडे | रविवार, रात्री ९:३५

झालं. सकाळी साडेआठला सुरू केलं, संध्याकाळी सहाला हात धुतले. ज्यांना पुढे करायचंय त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवतो, गाढवपणासकट.

नट. २९ मिमीचा. शाफ्टच्या खोबणीत त्याची कड ठोकून दाबलेली असते, ती आधी छिन्नीने उचलायची. हा नट गाडी चारही चाकांवर उभी असताना, हँडब्रेक लावून सैल करायचा. जॅकवर चढवून एवढा जोर लावला तर गाडी स्टँडवरून खाली यायची. माझा दोन फुटी पाना हलेना. शेवटी पान्याच्या दांड्यात ट्रॉलीजॅकचा पोकळ दांडा घातला आणि टोकावर सावकाश वजन टाकलं. 'टक्क' असा आवाज आला की क्षणभर कळेना, नट सुटला की काहीतरी मोडलं. नट सुटला होता.

गाडी उचलणे. मागून जॅक डिफरन्शियलच्या खाली लावला, स्टँड ठरलेल्या जागी. या गाडीचे मागचे सिल (दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या कडा) इथल्या मिठाच्या रस्त्यांनी आतून कुजतात, त्यामुळे स्टँड कुठेही टेकवून चालत नाही. दोन वेळा हलवून बघितलं, मगच खाली शिरलो.

शाफ्ट बाहेर. ब्रेकचा कॅलिपर काढून तारेने वर टांगला, ब्रेकच्या नळीवर ताण नको म्हणून. एबीएसची वायर मोकळी केली. खालच्या आर्मचा लांब बोल्ट या गाडीत कुप्रसिद्ध आहे, आतल्या नळीत गंजून एकजीव होतो. त्याच्या वाटेला गेलोच नाही. फक्त वरच्या आर्मचा बोल्ट काढला, तेवढ्याने हबसकट सगळा सांगाडा बाहेरच्या बाजूला कलतो.

हबमधून शाफ्ट सुटेना. इथे मोह होतो हातोडा घेऊन टोकावर मारायचा. तसं केलं तर पुढचे आटे बसतात आणि नवा नट चढत नाही. जुना नट टोकाच्या पातळीला येईल असा उलटा चढवला, वर लाकडाचा ठोकळा, मग हातोडा. सातव्या-आठव्या ठोक्याला सरकला.

डिफच्या (डिफरन्शियलच्या) बाजूला दोन टॉमी (पहारीसारखे दांडे) समोरासमोर घालून एकदम झटका दिला, लॉक-रिंग सुटली आणि शाफ्ट बाहेर. सोबत पेलाभर तेलही. खाली भांडं ठेवायचं माहीत होतं, पण मी ते फूटभर अलीकडे ठेवलं होतं.

गंमत आता. माझा समज होता की बाहेरचा बूट बदलायचा तर बाहेरचा जॉइंट खोलायचा. मॅन्युअल उघडलं तर तिथे साफ लिहिलंय, चाकाकडचा जॉइंट शाफ्टवरून काढायचा नाही. म्हणजे बाहेरचा बूट चढवायचा रस्ता आतल्या बाजूने! आतल्या बुटाच्या क्लिपा कापा, ट्रायपॉड काढा, आतला बूट काढा, मग बाहेरचा जुना बूट अख्ख्या शाफ्टवरून सरकवत इकडून बाहेर, आणि नवा त्याच रस्त्याने आत. चाकाशेजारच्या घरी जायला डिफच्या गल्लीतून वळसा. आणि एवढं उघडल्यावर आतला जुना बूट परत कोण चढवणार? सुदैवाने किटमध्ये दोन्ही होते.

ट्रायपॉड काढण्याआधी शाफ्ट, ट्रायपॉड आणि बाहेरची वाटी या तिघांवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला. जसे होते तसेच परत बसायला हवेत. टोकाची रिंग काढली आणि ट्रायपॉडच्या मधल्या भागावर पितळी दांडा ठेवून गोल-गोल थोडं-थोडं ठोकलं. रोलरवर ठोकायचं नाही, आत सुईसारखी बारीक बेअरिंग असतात.

ग्रीसची परीक्षा. ज्यासाठी तीन दिवस झोप नव्हती ते हे. फाटक्या बुटाच्या आतलं ग्रीस दोन बोटांत घेऊन चोळलं. कडेचं ग्रीस करडं होतं, आणि पालेभाजी नीट धुतली नसली की दाताखाली येते तशी कचकच बोटांना लागली. पोटात खड्डा. मग लांब काडीने जाळीच्या आतलं, छर्र्यांच्या मागचं काढलं. ते काजळासारखं काळं, गुळगुळीत, कचकच शून्य. वाळू दारापर्यंत आली होती, घरात शिरली नव्हती.

तरी सगळं धुतलं. ओव्हनचा जुना ट्रे घेतला, पॅराफिन (म्हणजे आपलं रॉकेल) ओतलं, जॉइंट त्यात वाकवून-वाकवून ब्रशने साफ केला, शेवटी ब्रेक क्लीनर मारून पूर्ण वाळवला. मग टॉर्च घेऊन प्रत्येक खोबण बघितली. जॉइंट पूर्ण वाकवला की एकेक छर्रा बाहेर डोकावतो, तेव्हा दिसतं. छर्र्यांच्या वाटेवर चमकदार पट्टा आहे, पण नखाला खड्डा कुठेच लागला नाही. जाळीला तडा नाही. जॉइंट ठेवायचं ठरलं.

परत जोडणी. शाफ्टच्या स्प्लाइनच्या दातांवर चिकटपट्टी गुंडाळली, नाहीतर बूट सरकवताना आतली कड तिथेच कापली जाते. किटमधलं मॉलिब्डेनमचं ग्रीस, त्या-त्या जॉइंटचं पाकीट त्याच जॉइंटला. आधी छर्र्यांच्या फटीत अंगठ्याने दाबून, उरलेलं बुटात.

क्लिप आवळण्याआधी बुटातली हवा काढायची हे इथेच कुठल्यातरी जुन्या धाग्यात वाचलं होतं. लहान तोंडाखाली बोथट पेचकस सरकवला आणि जॉइंट हलवला. बूट 'फुस्स' करून आपल्या घड्यांवर नीट बसला, शेजारच्या काकांनी कुंपणावरून बघितलं. हे केलं नाही तर बूट फुगलेला किंवा आत ओढलेला राहतो आणि फिरताना घडीवर घडी घासते. क्लिपा कानवाल्या, त्यांची वेगळी पक्कड १२ पौंडाला मिळाली. प्लास्टिकच्या केबल टायने भागवू नका, ग्रीस गरम झालं की त्या सरकतात.

नवा नट टॉर्क रेंचने. मॅन्युअलमध्ये २१६ ते ३१४ न्यूटन-मीटर दिलेत, मी २५० धरले. चाक जमिनीवर टेकवून आवळला, मग कड खोबणीत ठोकली. डिफमध्ये ७५डब्ल्यू-९० तेल भरणीच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं.

ट्रे घासून परत ठेवला होता. पकडला गेलो. पॅराफिनचा वास जात नाही.

स्प्लाइनताई | रविवार, रात्री १०:१०

फार छान केलंत, विशेषतः ग्रीस दोन ठिकाणचं वेगवेगळं तपासलंत ते. कडेचं बघून लोक जॉइंट फेकून देतात.

एकच विचारते: वरच्या आर्मचा बोल्ट कधी आवळलात? चाक लटकत असताना की गाडी खाली घेतल्यावर?

टपउघडे | रविवार, रात्री १०:१४

लटकत असताना. का?

स्प्लाइनताई | रविवार, रात्री १०:२२

त्या बोल्टभोवती रबरी बुश आहे. बोल्ट आवळला की बुशची आतली नळी तिथल्या तिथे जखडते आणि रबर पिळ खाऊन हालचाल देतं. चाक लटकलेल्या स्थितीत आवळलात तर गाडी खाली येताच रबर आधीच पिळलेलं. उभ्या गाडीतही ते ताणात राहणार आणि लवकर फाटणार. उद्या बोल्ट सैल करा, चाकाचं वजन घेऊ द्या, गाडी दोनदा दाबून सोडा, मग आवळा. पाच मिनिटांचं काम आहे.

गॅरेजवाला_सांगली | सोमवार, सकाळी ७:०५

ताई बरोबर बोलल्या. आमच्यातले निम्मे मेस्त्री हे करत नाहीत, मी पण सुरुवातीची बरीच वर्षं करत नव्हतो. रॅम्पवर गाडी असते, हात पोचतो, आवळून मोकळं.

बाकी काम एक नंबर. आमच्याकडं या कामाला पोरगं दोन तासांत वळवतं, पण ग्रीस बोटांवर घेऊन बघत नाही.

नेकरकाठ | सोमवार, सकाळी ११:४०

शाफ्ट बदला म्हणणाऱ्या गॅरेजच्या बाजूनेही एक बोलतो. त्यांचा मजुरीचा तास महाग. बूट बदलायला वेळ जास्त, शाफ्ट बदलायला कमी, आणि उद्या जॉइंट वाजला तर गिऱ्हाईक त्यांच्याच दारात. त्यांच्या जागी मीही शाफ्टच सांगितला असता. पण स्वस्तातल्या नव्या शाफ्टपेक्षा वीस वर्षं न कुरकुरलेला मूळ जॉइंट नव्या ग्रीससह मला जास्त भरवशाचा वाटतो. माझे दोन्ही जुनेच आहेत.

चिमणगोटी | सोमवार, दुपारी ४:०२

चिकटवलेल्या बुटाबद्दलचं माझं मत मागे घेतो. अंशतः.

टपउघडे | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

बोल्ट सोमवारीच सैल करून, चाकावर वजन घेऊन परत आवळला. आज फेरतपासणी झाली, पास!

तपासणाऱ्याने बुटावर टॉर्च मारला, बोटाने दाबला, "नीटनेटकं आहे" म्हणाला. परतताना मुद्दाम लांबचा रस्ता घेतला, टप खाली, थंडीने कान लाल. आवाज नाही, थरथर नाही. घरी येऊन चाकाच्या आतल्या बाजूला टिश्यू पेपर फिरवला, कोरडा.

आता कबुली. कागदावर एक 'मायनर' आहे: मागच्या उजव्या बाजूचा बाहेरचा बूट बराच जीर्ण झालाय. पहिल्या नापासाच्या कागदावरही हीच ओळ होती. मी 'मेजर'च्या खाली वाचलंच नव्हतं.

गॅरेजवाला_सांगली | गुरुवार, रात्री ११:५०

दादा, मी काय बोलत नाही. वरचा माझा पहिला प्रतिसाद तेवढा परत वाचा.

टपउघडे | शुक्रवार, सकाळी ८:१०

वाचला. किट मागवलं. ट्रे पण मागवलाय, माझ्या नावाचा वेगळा.